अपुरा नमुना

बाटली तिच्या आईनंच आणली होती.

"हिथंच द्यायची ना ताई?"

खिडकीच्या पलीकडे ती उभी होती. बाटली दोन्ही हातांनी धरलेली आणि वरून पदर घातलेला, जसं काही कुणाची दृष्ट लागू नये. आमच्या दवाखान्यात नमुना लॅबपर्यंत पोचवायचं काम बहुधा नातेवाइकांवरच यायचं. कुणी पिशवीत घालून आणायचं, कुणी खिशात. पदराखाली झाकून आणलेली ती पहिलीच.

"हो, इथंच. कागद द्या."

तिनं पोलक्यातून घडी केलेला कागद काढला. वाणीश्री मेरगु, वय नऊ, बालरोग विभाग. मानेतली गाठ. खाली दोन आजारांची नावं आणि दोन्हींपुढं प्रश्नचिन्ह: क्षय? लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर? आणि त्याखाली दोनदा रेघ ओढून 'तातडीचे'. डॉक्टरांची सही मात्र नव्हती.

"रिपोट कवा मिळंल?"

"मंगळवारी."

"आज शनवार की हो."

"मशीन आज दुपारी लागेल, उद्या रविवारची लॅब बंद, ते सोमवारी सकाळी निघेल. मग काचेवर घ्यायचं, रंगवायचं, मॅडम बघणार. मंगळवार होतोच."

ती जागची हलली नाही. मग म्हणाली, "पोरगी आडवी व्हत न्हाई ताई. आठ दिस झालं. आडवं केलं की दम कोंडतो. बसूनच झोपती. मी तिच्या पाठीला पाठ लावून बसती, तवा जरा डोळा लागतो तिचा. लौकर करा की."

हे सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतलं. सोलापुरात गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. मी, गिरिजा उंबरजे, तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि एका धर्मादाय रुग्णालयाच्या लॅबमध्ये सहा वर्षं काम करत होते. शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघता येईल असा तयार करणं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण मांसाचा ओला तुकडा कापता येत नाही. आधी तो फॉर्मॅलिनमध्ये पक्का करायचा, मग अल्कोहोलनं त्यातलं पाणी काढायचं, मग पाण्याच्या जागी मेण भरायचं. त्या मेणाच्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. काप मी काढायची; त्याआधीचं सगळं मशीन करायचं, हळूहळू, सोळा-सतरा तास घेऊन.

आणि आमच्याकडे एक ओव्हनही होता. कुर्लेकर मॅडमनी, म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्टनी, स्वतःच्या घरचा मायक्रोवेव्ह लॅबमध्ये आणून ठेवला होता. परदेशात कुणी तरी त्याच्या उष्णतेनं सोळा तासांचं काम दोन तासांत करतं, असं त्यांनी एका मासिकात वाचलं होतं. आठ महिने आम्ही दोघी ते करून बघत होतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या मोठ्या अवयवांतला उरलेला भाग घ्यायचा, एक तुकडा मशीनला, एक ओव्हनला, आणि दोन्ही काचा शेजारी ठेवून बघायच्या. बासष्ट वेळा केलं. बासष्ट वेळा दोन्ही सारख्या आल्या. किती मिनिटं, किती अल्कोहोल, हे सगळं मीच बसवलं होतं. वही माझ्या अक्षरात होती.

मॅडमचा एकच नियम होता आणि तो त्या दर आठवड्याला सांगायच्या. "गिरिजा, हा ओव्हन अजून शिकतोय. पेशंटचा अख्खा नमुना यात जायचा नाही. अर्धा नेहमीच्या मशीनला, काहीही झालं तरी."

सही घ्यायच्या निमित्तानं मी वर बालरोग वॉर्डात गेले. निमित्तानं म्हणते, कारण कागद शिपायाबरोबर पाठवता आला असता.

ती कोपऱ्यातल्या खाटेवर बसली होती. पुढ्यात स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर दोन्ही कोपर. गळ्याला पट्टी. दोन वेण्या कुणी तरी नीट घालून लाल रिबिनी बांधलेल्या. चेहरा सुजल्यासारखा, आणि गळ्याच्या शिरा फुगलेल्या. श्वास घेताना ती खांदे वर उचलायची, एखादी जड घागर उचलावी तसे.

"तुम्ही गाठवाल्या ताई?" तिनंच विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"अम्मानं." दोन-तीन शब्दांनंतर ती थांबायची. "माझी गाठ... तुमच्याकडं हाय म्हणली."

"आहे की."

"केवढी हाय?"

"शेंगदाण्याएवढी."

"एवढीच?" ती हिरमुसली. "मला वाटलं... लिंबाएवढी असंल." मग थोडं थांबून, "छातीत मोठी हाय म्हणं. डाक्टर बोलत होते. त्यांना वाटलं... मी झोपले."

मी तिच्या रिबिनीचा फुगा नीट केला.

"मला आडवं झोपायचंय ताई," ती म्हणाली. "पाय लांब करून. कवा झोपू देतील?"

"रिपोर्ट आला की औषध सुरू होईल. मग."

"आज?"

"बघते."

डॉक्टर होनराव खिडकीशी उभं राहून सही करत होते. तिशीतला सरळ माणूस, चार दिवस दाढी न केलेला. गाठ त्यांनीच काढली होती, पोरीला बसवूनच, नुसती जागा बधिर करून.

"दोन महिने बाहेरच्या डॉक्टरनं टीबीचं औषध दिलंय तिला," ते हळू आवाजात म्हणाले. "मला टीबी वाटत नाही. पण नुसत्या वाटण्यावर कसं करू? अंदाजानं स्टेरॉइड दिलं तर गाठ विरघळते आणि मग आजार कुठला ते कधीच कळत नाही. आणि टीबीच निघाला तर तो भडकतो. रिपोर्ट आज मिळाला असता तर संध्याकाळीच औषध सुरू केलं असतं."

"मॅडम चारला येतात सह्या करायला," मी म्हणाले. "आज कॉलेजात परीक्षा घ्यायला गेल्यात."

"पण तुमचं मशीन तर सोमवारी उघडतं ना?"

"बघू या सर," मी म्हणाले.

तेव्हाचा माझा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

खाली आले तेव्हा सव्वाबारा वाजले होते. नरसम्मा, म्हणजे तिची आई, लॅबसमोरच्या बाकावर बसलेली. मला बघून ती उठली. मी तिच्याकडे न बघता आत गेले.

गाठ बाटलीतून काढून मी ताटलीत घेतली आणि मधोमध कापली. आतून पांढरी, मऊ, सोललेल्या बदामासारखी. चांगला नमुना होता. अगदी चांगला. दोन अर्धुकं समोर होती. एक उचलून मशीनच्या टोपलीत टाकायचं, एवढंच बाकी होतं. टोपली हाताच्या अंतरावर होती.

मग मनात आलं, आजार एकाच अर्धुकात असला तर? ओव्हनमधली काच चारला मॅडमसमोर ठेवायची आणि नेमकं त्यातच काही दिसलं नाही तर? अर्धवट काच नको. दोन्ही अर्धुकं मी एकाच जाळीच्या डबीत घातली आणि झाकण दाबलं.

एरवी दर वेळी मी आठ-दहा डब्या मोठ्या चंचुपात्रात बुडवायची. आज एकच होती. एका डबीला एवढं अल्कोहोल कशाला, म्हणून छोटं चंचुपात्र घेतलं. मिनिटं मात्र वहीतलीच लावली. पातेलंभर चहा आणि कपभर चहा एका वेळात उकळत नाही, हे घरात चहा करणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. मीही रोज घरी चहा करत होते.

ओव्हनच्या काचेतून बुडबुडे दिसले तेव्हा मी धावत जाऊन दार उघडलं. भांडं हातात धरवत नव्हतं. खिडकी उघडूनही उकळलेल्या अल्कोहोलचा वास जाईना. मी स्वतःला सांगितलं, काही झालं नसेल. पुढच्या पायऱ्या सावकाश केल्या, फार सावकाश. तीन वाजता मेणाची वडी यंत्राला लावली आणि पातं फिरवलं. रोज पापुद्र्यांची सलग पट्टी निघायची. आज भुगा पडत होता. खारी बिस्कीट मोडावं तसा. कसेबसे दोन काप पाण्यावर तरंगवले, काचेवर घेतले, रंगवले.

चार वाजायच्या आत मी स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी डॉक्टर नव्हते. पण सहा वर्षं रोज काचा बघत होते. पेशी असायच्या तिथं काळपट निळे डाग होते. सगळे एकमेकांत वितळलेले, कडा नाही, आकार नाही. करपलेल्या भाकरीवरून पीठ ज्वारीचं की बाजरीचं, हे कुणी सांगावं?

मॅडम आल्या. पर्स टेबलावर ठेवत म्हणाल्या, "साडेपाचची गाडी आहे पुण्याची. पटकन काय ते दे." माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. मी काच पुढं केली. त्यांनी कागद वाचला, काच लावली, उभ्या उभ्याच बघितलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा बघितलं.

"दुसरा अर्धा मशीनमध्ये आहे ना?"

मी मशीनच्या टोपलीकडे बघितलं.

"गिरिजा."

"नाही मॅडम."

"सगळा?"

"सगळा."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, डोळ्यांवर बोटं दाबून धरली आणि तशाच बसून राहिल्या. बाहेर बाकावरून नरसम्मा खिडकीतून आत बघत होती. तिला वाटत असणार, डॉक्टरीणबाई विचार करतायत.

"होनरावना बोलाव," शेवटी त्या म्हणाल्या. "दुसरी गाठ मिळते का विचारायला हवं."

मग त्यांनी कागद ओढला आणि रिपोर्ट लिहिला. दोन ओळी. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. नमुना अपुरा. पुन्हा पाठवावा.

"मॅडम, अपुरा नव्हता."

"मला माहीत आहे." त्यांनी वर बघितलं नाही. "खरं लिहिलं तर उद्या चौकशी. तू घरी, ओव्हन भंगारात, आणि मीही बहुतेक. त्यानं त्या मुलीचं काय होणार आहे? आत्ता तिला दुसरा तुकडा हवाय. तेवढं बघू."

मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी कुणाजवळ कधी कबूल केलेलं नाही.

होनराव आले. वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "कमी पडला? मला तर वाटलं, चांगली गाठ मिळाली." मग स्वतःशीच मान हलवून म्हणाले, "असेल. मीच नीट घेतली नसेल." ते बाहेर जाऊन नरसम्माजवळ बाकावर बसले. दार उघडंच होतं. मला ऐकू येत होतं.

"अम्मा, तुकडा कमी पडला. तपासायला पुरला नाही. परत काढावा लागंल."

"कमी कसा पडला साहेब?"

"लहान होता. काही वेळा होतं असं."

त्या दिवशी मॅडम पुण्याला गेल्या नाहीत.

दुसरी गाठ खोल होती, गळपट्टीच्या हाडामागं. बसवून काढता येण्यासारखी नव्हती. रविवारी सकाळी भूलतज्ज्ञांना घरून बोलावून थिएटर उघडलं. मला यायचं काहीच कारण नव्हतं. मी आले आणि लॅबचं कुलूप उघडून बसून राहिले. पुढचं मला होनरावांनी नंतर सांगितलं. उशा लावून, अर्धवट बसती ठेवूनच त्यांनी सुरुवात केली होती. गाठ दिसेना म्हणून तिला थोडं मागं कलतं केलं. गाठ निघाली. त्याच मिनिटाला श्वास बंद झाला. नळी घालायचा प्रयत्न केला, पण छातीतल्या गोळ्यानं श्वासनलिका खालपासून दाबलेली होती. नळी पोचायची तिथं पोचलीच नाही. चाळीस मिनिटं ते झगडले.

साडेअकराला वॉर्डबॉय बाटली घेऊन आला. खिडकीवर ठेवून म्हणाला, "मेरगुचं आहे. पोरगी गेली, पण साहेब म्हणाले, देऊन ये."

बाटलीवर होनरावांचं अक्षर होतं, वाकडंतिकडं.

सोमवारी सकाळी मी मशीन उघडलं. शनिवारची टोपली वर आली. सतरा डब्या, सतरा माणसांचे तुकडे. सगळे नीट, पारदर्शक, मेणानं भरलेले. मी एकेक काढून मांडत गेले. वाणीचं अर्धुक मी शनिवारी त्यात टाकलं असतं तर ती अठरावी डबी असती. ती काच मंगळवारपर्यंत मॅडमसमोर असती. रविवारी कुणी तिला थिएटरमध्ये नेलं नसतं.

दुसरी गाठ मी नेहमीच्या वाटेनं केली. मंगळवारी मॅडमनी ती बघितली. फार वेळ लागला नाही.

"लिम्फोमा," त्या म्हणाल्या. "मुलांमधला. झपाट्यानं वाढतो, आणि औषध पडलं की तेवढ्याच झपाट्यानं विरघळतो."

"वाचली असती?"

"मला माहीत नाही. हा आजार साधा नाही. चार महिने, वर्ष जगली असती, पुरतीही बरी झाली असती कदाचित." त्यांनी काच काढून ठेवली. "पण रविवारी गेली नसती."

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते. मॅडमनी ओव्हनची वायर काढून घरी नेली आणि सहा महिन्यांनी एक दिवस स्वतःच परत आणली. मी राजीनामा लिहिला होता, तो त्यांनी घेतला नाही. "तू गेलीस तर हे दुसरं कुणी तरी पुन्हा करेल," म्हणाल्या. मग आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. एक डबी, दोन डब्या, दहा डब्या, प्रत्येकीचं निराळं मोजमाप. भांड्यात तापमापक बसवला. अर्धा तुकडा बाजूला ठेवल्याची सही असल्याशिवाय ओव्हनचं दार उघडायचं नाही, असं ठरलं. चार वर्षांनी आमच्या लॅबमधून सकाळच्या नमुन्याचा रिपोर्ट दुपारी जायला लागला. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लोक बघायला यायचे. मॅडमनी पुण्याच्या एका परिषदेत माझं नाव घेऊन मला उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी बासष्टही सांगितले आणि नंतरचे आठशेही. मधला एक सांगितला नाही. मीही सांगितला नाही.

पण त्याच्या कितीतरी आधी, वाणीला जाऊन दोन महिने झाले असतील, मी एकदा मेरगुंच्या घरी गेले होते. ते मॅडमनाही ठाऊक नव्हतं.

पत्ता केसपेपरवर होता. पूर्व भागातली एक चाळवजा वस्ती, सगळीकडे मागांचा खटखटाट. मार्चच्या उन्हाची दुपार होती. नरसम्मा दारातच बसली होती, मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. मला तिनं लगेच ओळखलं.

"गाठवाल्या ताई. या की. बसा की."

चटई टाकली. पाणी दिलं. आणि पुन्हा सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायला लागली. तिची बोटं बघत बसावं अशी चालायची. पान, तंबाखू, वळण, दोरा. आतल्या खोलीत एक माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिचा नवरा. भिवंडीला मागावर होता, तो रविवारी संध्याकाळी पोचला होता, सगळं झाल्यावर. त्यानंतर परत गेलाच नव्हता.

"तुम्ही बरं आलात," नरसम्मा म्हणाली. "तुम्हाला एक इचारायचं होतं. डाक्टर म्हणले, तुकडा कमी पडला."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी सारखी त्याच्यावर इचार करती. पोरगी पहिल्यापासून बारीकच. मी सकाळधरनं बिड्या वळत बसायची. ती शाळंतनं आली की गार भात, वर चिंचेचं पाणी. कवा दूध न्हाई, कवा अंडं न्हाई. अंगावर मांसच न्हवतं तिच्या." बोटं चालूच होती. "ह्यो म्हणतो," तिनं मानेनं आत दाखवलं, "तू पोरीला खायाला घातलं न्हाईस. डाक्टरला तपासायला घावंल येवढंबी मांस ठेवलं न्हाईस तिच्या अंगावर. खरंच असतंय का तसं ताई? खायाला घातलं असतं तर पुरला असता का तुकडा?"

दोन महिने ही बाई हे घेऊन बसली होती. दोन ओळींच्या रिपोर्टमधला एक शब्द.

"नरसम्मा," मी म्हणाले, "तुकडा कमी नव्हता."

तिची बोटं थांबली.

"भरपूर होता. चांगला होता. तुम्ही पदराखाली झाकून आणला होता तो. मी तो बिघडवला. माझ्या हातून जळला."

"जळला?"

"लवकर करायला म्हणून एका नव्या ओव्हनमध्ये घातला. तो जास्त तापला. अर्धा बाजूला ठेवायचा नियम होता. मी ठेवला नाही. म्हणून परत काढावा लागला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मागांचा आवाज येत होता. मग ती हळूच म्हणाली, "मीच म्हणले होते. लौकर करा म्हणून. मीच तुमच्या मागं लागले..."

"नाही." हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नव्हतं, स्वतःलाही. "तुम्ही म्हणाला म्हणून नाही. सगळेच म्हणतात. लवकर तर अर्धा तुकडा घालूनही झालं असतं. मला मॅडमना दाखवायचं होतं. डॉक्टरांना दाखवायचं होतं, की बघा, मंगळवारचं काम मी शनिवारी करते. म्हणून मी सगळा घातला. तुमच्यामुळं नाही. तुमच्या पोरीमुळं तर नाहीच."

मला वाटलं, ती आता सूप फेकून मारेल. शिव्या देईल, आरडाओरडा करून वस्ती गोळा करेल. मी त्याच तयारीनं आले होते. कदाचित तेच हवं होतं मला.

"म्हंजे," ती म्हणाली, "तिच्या अंगात कमी न्हवतं?"

"नव्हतं."

"पुरत होतं?"

"पुरून उरलं असतं."

तिनं सूप खाली ठेवलं. हातातली अर्धी वळलेली बिडी उलगडली आणि तंबाखू जमिनीवर सांडला. ती तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मी हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला, जोरात नाही, पण पुन्हा पुढं करता येणार नाही असा.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जावा आता ताई. सांगितलंत ते सांगितलंत. परत हिकडं येऊ नका. तुमचं तोंड बघितलं की मला सोसायचं न्हाई."

मी उठले. चपला घालेपर्यंत ती आत गेली होती. नवऱ्याच्या खांद्याला धरून ती त्याला हलवत होती, उठवत होती. सोलापुरात वाढलेल्या माणसाला थोडं तेलुगू कळतंच.

"मन पिल्लदि तक्कुव पडलेदु," ती म्हणत होती. आपल्या पोरीचं कमी नाही पडलं. तो भिंतीकडे तोंड करून तसाच पडून होता आणि ती त्याला गदागदा हलवून पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. कमी नाही पडलं. कमी नाही पडलं.